ठोका काप, शेपूट ठेव

समजा, तुमच्या डाव्या हातात बोटाहूनही अरुंद अशी तपकिरी फीत आहे आणि उजव्या हातात दाढीचं ब्लेड. फितीवर एकच आवाज आहे: बिडाच्या पातेल्याचं झाकण फरशीवर आपटल्याचा. फीत यंत्रापुढून हातानेच ओढा, सावकाश, पुढे-मागे. आधी नुसती खरखर, मग एकाएकी ‘धाड्’. हा ठोका. ठोका संपतो आणि झाकण फरशीवर गरगरत राहतं, त्याचं गुणगुणणं लांबत लांबत विरून जातं. ही शेपूट. आता ठोक्याच्या लगेच मागे पेन्सिलीने खूण करा. ब्लेड तिरकं धरा, सरळ कापलंत तर जोडावर ‘टक्’ ऐकू येईल. कापा. ठोका बाजूला टाका, शेपटीला कोरी फीत जोडा, वाजवा. झाकण गेलं, फरशी गेली, स्वयंपाकघर गेलं. शून्यातून एक स्वर उगवतो आणि ऐकणारा विचारतो, लांब कुठे चर्चमध्ये ऑर्गन वाजतोय का?

सोलांज देल्बेक हे काम नवऱ्याच्या ब्लेडने करायची. ब्लेड बोथट झालं म्हणून तिने मारही खाल्ला होता.

सोलांज उत्तर फ्रान्समधल्या रूबे गावची. त्या काळी रूबेत ज्याला दोन हात होते तो लोकरीच्या गिरणीत जायचा. शाळा सुटली तशी तीही गेली. तिचं खातं रफूचं. मागावरून आलेलं कापड खिडकीखालच्या उतरत्या टेबलावर पसरायचं, बोटं फिरवत जायचं, गाठ लागली की चिमट्याने उपसायची, तुटलेला धागा सुईने पुन्हा विणायचा. रफू डोळ्यांना दिसलं की मुकादमीण लाकडी पट्टीच्या धारेने बोटांवर हाणायची. “दिसलं म्हणजे केलंच नाहीस,” असं म्हणायची. सोलांजची दोन नखं तेव्हापासून वाकडीच वाढली.

नवरा राऊल रंगखात्यात. दिवसभर उकळत्या हौदांपाशी उभा, हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी लाल. आळीतले लोक थट्टेने म्हणत, राऊलने कुणाला हाणलं तर कोणत्या वारी हाणलं ते रंगावरून सांगता येईल. कुणाला हाणतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर थट्टा जमत होती.

आळी म्हणजे विटांची दोन रांगांतली घरं, मध्ये सामाईक आवार, आवारात एक नळ. घराघरांमधली भिंत एका विटेची. पलीकडे फिलोमेन राहायची. विधवा, गुडघे धरलेले, जीभ शाबूत. तिच्या घरी कांदा चिरला की सोलांजच्या डोळ्यांत पाणी यायचं.

राऊलचा जीव कबुतरांत. शर्यतीची कबुतरं रेल्वेने दूर दक्षिणेला पाठवायची, रविवारी सकाळी तिथे सोडायची आणि मालकाने आवारात उभं राहून आभाळाकडे बघत बसायचं. पक्षी नुसता घरावर येऊन भागत नाही. तो खुराड्यात उतरला पाहिजे, त्याच्या पायातली रबरी कडी काढून वेळ नोंदवणाऱ्या घड्याळपेटीत टाकली पाहिजे, तेव्हा तो पोचला. म्हणून शर्यतीच्या रविवारी आळीत कुणी कपडे वाळत घालत नसे, पोरांना आत कोंडत, कुत्र्याचं तोंड बांधत. आवाज फक्त रेडिओचा, तोही हळू. पक्षी कुठे सुटले, वारा कसा आहे, हे रेडिओवर सांगत. बाकी आळी श्वास धरून.

टेपरेकॉर्डर आला तोही कबुतरांमुळेच. कबूतर मंडळाच्या सोडतीत राऊलला लागला. दहा माणसांना दाखवून झालं, कबुतरांचं घुमणं भरून झालं, मग त्याला कंटाळा आला. यंत्र कपाटावर गेलं आणि तिथून सोलांजने खाली काढलं. तिने पहिला आवाज भरला तो कॉफी दळण्याचा. परत ऐकला आणि ती खुर्चीत बसलीच. रोज सकाळी मांडीत धरून फिरवायची ती चक्की, पण फितीवर ती चक्की नव्हतीच. खडीच्या डोंगरावरून कुणीतरी घसरत होतं आणि संपत नव्हतं.

ज्या कॅफेच्या पुढच्या खोलीत गुरुवारी कबूतर मंडळ बसायचं, त्याच्याच मागच्या खोलीत ‘आवाजाचे शिकारी’ जमायचे. शिकारी म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे द्युत्वा, पोस्टमन एव्हारिस्त, आणखी पाच-सहा जण. त्या काळी फ्रान्सभर असे क्लब होते. प्रत्येकाने आपापले आवाज भरून आणायचे, कापायचे, जोडायचे आणि सगळ्यांना ऐकवायचे. सोलांज तिथे जायला लागली तेव्हा राऊलला गंमतच वाटली. पुढच्या खोलीत बिअरचा पेला उंचावून तो ओरडायचा, “ऐका हो! माझी कबुतरं चारशे कोस उडतात, आणि माझी बायको भांड्यांची शिकार करते!”

“राऊल, संभाळ,” कुणीतरी म्हणायचं. “एखाद्या दिवशी तुलाच पकडून आणेल.”

“मला? मला धरायला मोठं जाळं लागेल.”

मागच्या खोलीचा नियम द्युत्वांनी घातला होता. दिवा मालवायचा, रचना ऐकायची आणि आवाज कशाचा, हे कधीही विचारायचं नाही. आवाज हा आवाज म्हणून ऐकायचा. उगम ओळखू आला तर रचना फसली. आणि ओळखू आलाच, तर सभ्य माणसाने गप्प बसायचं, कारण बोलून दाखवणं म्हणजे करणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. एव्हारिस्तला हे जमायचं नाही. अंधारात तो फिस्सकन हसायचा. “अरे, ही तर माझ्या आईची किटली!” मग दंड म्हणून सगळ्यांना बिअर पाजायचा.

“सोलांजबाई,” द्युत्वा पहिल्याच महिन्यात म्हणाले, “तुमच्या फितीवर पातेलं पातेलंच राहतंय. का? तर ठोका ठेवता म्हणून. कान वस्तू ओळखतो ती ठोक्यावरून. ठोका काप, शेपूट ठेव. एवढं एकच सूत्र.”

सोलांजला हे सूत्र शिकवावं लागलंच नाही. दोष उपसायचा आणि उपसल्याची खूण राहू द्यायची नाही, हेच तर ती आयुष्यभर करत आली होती. तिचे जोड कुणाला ऐकू येत नसत. ती कळशीतून झरा काढायची, इस्त्रीतून समुद्र. कापलेले ठोके मात्र ती फेकत नसे. गिरणीत धाग्याचं टोकही वाया घालवलं की पट्टी बसायची. फितीचे ते नखाएवढे तुकडे ती खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवायची. बाहेरून कुणाला वाटावं, माश्या बसल्यात.

मग मे महिन्यातला तो रविवार आला.

राऊलची निळी मादी त्या मोसमातली सगळ्यात वेगवान होती. सगळ्या आळीच्या आधी ती छपरावर दिसली. दिसली आणि कौलावरच बसली. राऊल डब्यातले दाणे खुळखुळवत होता, चुचकारत होता, आईने बाळाशी बोलावं तसं बोलत होता. ती उतरेना. आत सोलांज लीकच्या जाड पातीचं सूप उकळत होती आणि वाफेवर नाचणाऱ्या झाकणाची खडखड भरून घेत होती. खिडकी फटीएवढी उघडी राहिली होती, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

शेजारच्या आळीत टाळ्या वाजल्या. दुसऱ्याचा पक्षी पोचला होता. त्यानंतर निळी उतरली. राऊलने तिच्या पायातली कडी काढली, पेटीत टाकली, कळ दाबली, सगळं शांतपणे. मग दोन बोटांत तिची मान धरली आणि पिळली. ओली काडी मोडावी तेवढाच आवाज झाला.

ते पाखरू हातात घेऊनच तो आत आला. “झाकण वाजवतेस?” तो म्हणाला. “माझ्या पक्ष्यावर झाकण वाजवतेस?”

पहिला फटका त्याने पाखरानेच मारला. मेलेलं, अजून ऊन असलेलं पाखरू तिच्या गालावर फाटकन बसलं, पिसं सुपात पडली. मग झाकण. ते तिच्या खांद्याला लागून फरशीवर गेलं आणि गरगरलं. मग डाव, मग तिचे केस धरून कोळशाच्या बिडाच्या चुलीला पुढून असलेल्या पितळी दांडीवर डोकं, एकदा, परत एकदा. दांडी घंटेसारखी वाजली. सूप उलथलं आणि तिच्या पायावर गेलं. तिने दातांखाली ओठ धरला आणि तो फाटला. राऊल थांबला तो दम लागला म्हणून. जाताना दारात दाण्यांचा डबा भिंतीवर फेकून गेला.

यंत्र चालूच होतं.

सूज उतरल्यावर एका दुपारी, राऊल कामावर असताना, तिने ती फीत लावली. तिला वाटलं होतं, ऐकवणार नाही. पण ती कान देऊन ऐकत राहिली. तीन गोष्टी तिच्या ध्यानात आल्या. एक, तिचा स्वतःचा आवाज फितीवर कुठेच नव्हता. एक हुंदकासुद्धा नाही. दुसरी, फटक्याफटक्यांमध्ये राऊलचा श्वास होता, जड वस्तू जिन्यावरून नेणाऱ्या माणसासारखा, कामातला श्वास. आणि तिसरी: दांडी दुसऱ्यांदा वाजली त्यानंतर पलीकडच्या घरातला रेडिओ एकदम मोठा झाला. फिलोमेनकडे अकॉर्डियन लागला होता. तो आधी भिंतीमागे पुसट होता, मग कुणीतरी बटण पिळलं, आणि सगळं संपेपर्यंत तो मोठाच राहिला.

सोलांजने ब्लेड घेतलं आणि शिकली होती ते केलं. पाखराचा ठोका कापला, झाकणाचा कापला, दांडीचे दोन्ही कापले. श्वास काढले. अकॉर्डियन काढला. शेपट्या एकमेकींना जोडल्या, काही उलट्या फिरवल्या. जे तयार झालं ते इतकं गोड होतं की तिला शिसारी आली.

तरी गुरुवारी ती फीत घेऊन गेली. कारण तिला एकच गोष्ट हवी होती: कुणीतरी नियम मोडावा. कुणीतरी, एकानेच, अंधारात विचारावं, सोलांज, हा आवाज कशाचा?

दिवा मालवला. पितळी दांडीची शेपूट खोलीभर पसरली. बिअरचे पेलेसुद्धा कुणी हलवले नाहीत. संपल्यावर दिवा लागला तेव्हा द्युत्वांचे डोळे भरून आले होते.

“बाई,” ते म्हणाले, “बारा वर्षं हा क्लब चालवतोय. असं अजून कुणी आणलं नाही. कशाचा कण नाही, कशाचा वास नाही. शुद्ध.”

“मला तर कालव्यावरचं धुकं दिसलं,” एक जण म्हणाला.

“मला लहानपणीचं चर्च.”

एव्हारिस्त सोलांजच्या जबड्याकडे बघत होता, तिथला जांभळा डाग आता पिवळा पडत चालला होता. मग त्याने नजर पेल्यात घातली. “छान आहे,” म्हणाला. त्या दिवशी त्याला दंड झाला नाही.

द्युत्वांनी तिथेच ठरवलं, ही रचना रेडिओला पाठवायची. प्रांतातल्या हौशी लोकांसाठी दर रविवारी पाव तास असायचा, कबुतरांच्या बातम्या संपल्या की लगेच. “सगळं रूबे ऐकेल!” द्युत्वा म्हणाले. “स्वच्छ प्रत करून आणा. मला परत ऐकायची गरज नाही. माझा कान एकदाच ऐकतो आणि खरं ऐकतो.”

सोलांज घरी आली आणि खिडकीच्या काचेपुढे उभी राहिली. सगळे ठोके तिथे होते, काढलेले श्वास, राऊलचं बोलणं आणि अकॉर्डियनही. कोणता तुकडा कशाचा, हे तिला पाठ होतं, रफूवालीला धागा पाठ असतो तसं. तिने एकेक तुकडा नखाने सोडवला आणि उलटं रफू सुरू केलं. गोड रचना तिने मोडली नाही, क्लबाच्या यंत्रावर तिची प्रत काढून घेतली. आधी दांडीची नुसती शेपूट, ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत अशी. क्षणभर कोरी फीत. मग तीच शेपूट, पुढे तिचा ठोका लावून. असं प्रत्येक आवाजाचं. राऊलचे श्वास जिथल्या तिथे ठेवले. शेवटी ‘माझ्या पक्ष्यावर झाकण वाजवतेस?’ आणि अकॉर्डियन, आधी पुसट, मग मोठा. तिच्या मनात घात नव्हता असं म्हणता येणार नाही. आणि भीती? ब्लेड घसरून अंगठा चिरला. फितीवर रक्त लागलं, ते तिने जिभेने पुसलं.

खोक्यावर नाव लिहून तिने ते द्युत्वांना दिलं. त्यांनी न ऐकता पाठवलं.

रविवार उजाडला. शर्यत मोठी होती. सोलांज पळून जाऊ शकली असती. तिची बहीण शेजारच्या लील शहरात होती, ट्राम दारावरून जात होती. पण तिने सूप चढवलं. मात्र चुलीत खुपसायची लोखंडी सळई तिने सकाळीच कोळशाच्या ढिगात खोल पुरून ठेवली.

“सळई कुठंय?” राऊलने विचारलं.

“असेल कुठेतरी.”

“डोकं कुठंय ते तरी ठाऊक आहे का तुला?” एवढं बोलून तो आवारात गेला.

रेडिओवर वारा सांगून झाला. मग निवेदक म्हणाला, आता ऐकू या रूबेच्या मादाम सोलांज देल्बेक यांची रचना. आळीत एक खिडकी उघडली. “अगं बाई! आपली सोलांज!” दुसरी उघडली. नियम विसरून लोकांनी रेडिओ मोठे केले. आपल्या आळीतली बाई रेडिओवर! विसेक घरांतून एकच स्वर आवारात उतरला.

“आवाज कमी करा!” राऊल दबक्या आवाजात ओरडला. “पक्षी येतायत, गाढवांनो!”

“अरे, तुझीच बायको आहे, ऐक की!”

स्वर विरला. मग ठोक्यासकट आला.

खिडकीतल्या बायकांना पहिल्या वेळी कळलं नाही. दांडी वाजली तेव्हाही नाही. दुसऱ्यांदा वाजली आणि मागोमाग श्वास आला, तेव्हा एकीने तोंडावर हात ठेवला. भांडं वाजतं तेव्हा नुसतं भांडं वाजतं, पण ज्याच्यावर भांडं बसतं त्याचा आवाज त्यात मिसळलेला असतो, मऊ, बोदा. आळीतल्या प्रत्येक बाईला तो आवाज ओळखीचा होता, कुणाला भिंतीतून, कुणाला स्वतःच्या अंगावरून. राऊलचं पाखरू छपरावर येऊन बसलं होतं. तो त्याच्याकडे बघत नव्हता. वीस खिडक्यांमधून त्याचाच आवाज त्याला विचारत होता, माझ्या पक्ष्यावर झाकण वाजवतेस?

पाखरू उडून गेलं.

तो आत आला तेव्हा त्याच्या हातात घड्याळपेटी होती, लाकडाची, पितळी कोपऱ्यांची. तीच त्याने हाणली. सोलांजच्या गळ्याखालचं हाड मोडलं, ते मोडताना तिने आतून ऐकलं. मग त्याने यंत्र उचलून फरशीवर घातलं आणि टाचेने चिरडलं. चाक निसटून भिंतीपर्यंत घरंगळत गेलं. “हातानेच करतेस ना हे?” तो म्हणाला. “या हाताने?” त्याने तिचं उजवं मनगट धरलं, चुलीच्या भट्टीचं बिडाचं दार उघडलं, तिची बोटं चौकटीवर दाबली आणि दार लाथेने लावलं.

या वेळी सोलांज ओरडली. आळीने तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

त्याने दार परत उघडलं, परत लाथ मारण्यासाठी. तेवढ्यात फिलोमेन आत आली. गुडघ्यांमुळे तिला एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढावी लागे, पण त्या दिवशी ती कशी आली ते कुणी पाहिलं नाही. तिच्या हातात कोळशाचं फावडं होतं. तिने ते आडवं न धरता धारेने मारलं, राऊलच्या कानावर. कान फाटून लोंबला. तो वळला तसं दुसरं तोंडावर बसलं. दोन दात सुपाच्या पातेल्यापाशी पडले. तो गुडघ्यांवर आला. तिसऱ्याची गरज नव्हती. फिलोमेनने तरी मारलं, मानेवर, चिखलात रुतलेला खुंटा ठोकावा तसं. दारात माणसं जमली होती. कुणीही तिला धरलं नाही.

“मेला का?” कुणीतरी विचारलं.

“नाही,” फिलोमेन धापा टाकत म्हणाली. “एवढं नशीब कुठलं.”

राऊल वाचला. एका कानाने बहिरा झाला. पोलिसांनी विचारलं तेव्हा आख्ख्या आळीने एकच उत्तर दिलं: कबुतरांच्या मागे धावताना जिन्यावरून पडला. इतकी वर्षं सोलांजच्या जखमांना जे उत्तर होतं, तेच. तो दूर भावाकडे राहायला गेला, कबुतरंही घेऊन गेला. पण शर्यतीचं कबूतर एकदाच घर निवडतं. पहिल्यांदा बाहेर सोडल्याबरोबर ती सगळी सोलांजच्या छपरावर परत आली. फिलोमेनने त्यांचं मटाराबरोबर कालवण केलं आणि आळीभर वाटलं.

सोलांजची दोन बोटं कायमची सुन्न झाली. रफूचं काम गेलं, गिरणीने तिला बॉबिनच्या, म्हणजे धाग्याची रिळं भरायच्या, खात्यात टाकलं. हात गळ्यात बांधून ती एका गुरुवारी क्लबात गेली. द्युत्वा तांबडेलाल झाले.

“रचना नासवलीत तुम्ही! ठोका ठेवलात! आता लहान पोरालासुद्धा कळेल तो कशाचा आवाज आहे!”

“हो,” सोलांज म्हणाली.

एव्हारिस्तने टोपी काढून हातात धरली. “मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, सोलांज,” तो म्हणाला. “चुलीची दांडी. आमच्याकडे पण होती.”

“मग?”

“मग... नियम होता ना.”

सोलांजने डाव्या हाताने त्याच्या कानशिलात लगावली. त्या खोलीत पहिल्यांदाच एका आवाजाचा उगम सगळ्यांनी एकदम ओळखला. एव्हारिस्तने गाल चोळला आणि सगळ्यांसाठी बिअर मागवली.

सोलांजने पुढे जुनं यंत्र मिळवलं आणि डाव्या हाताने कापायला शिकली. तिच्या नंतरच्या रचना थोड्या आहेत, जोड ऐकू येतात, आणि ती ते तसेच ठेवते. पण एक काम तिने कुणाला न ऐकवता केलं. फिलोमेन बाजाराला गेली असताना तिने मायक्रोफोन फिलोमेनच्या बाजूने भिंतीला टेकवला आणि स्वतःच्या घरात जाऊन तेच झाकण त्याच फरशीवर आपटलं, त्याच दांडीवर तोच डाव मारला. परत येऊन ऐकलं. तिला आशा होती, भिंत ठोका गिळत असेल आणि पलीकडे नुसतं गुणगुणणं पोचत असेल, म्हणून बिचारीला इतकी वर्षं कळलं नाही. झालं उलटंच. एका विटेची भिंत बारीक, उंच स्वर अडवते. जाड, खोल आवाज जाऊ देते. शेपूट भिंतीत मेली होती. ठोका पूर्ण पोचला होता. प्रत्येक वेळी.

मग रेडिओकडून परत आलेल्या फितीवरून तिने दोन फिती तयार केल्या. दोन्हींवर रेडिओवर वाजलेलं तेच सगळं, फक्त एकीतून अकॉर्डियन काढलेला. ती त्या घेऊन पलीकडे गेली.

“मावशी, एकदा ऐकशील? दोनच मिनिटं. फक्त सांग, त्या रविवारी कोणत्या आवाजाला फावडं घ्यायला उठलीस.”

फिलोमेन बटाटे सोलत होती. “उठले तेव्हा उठले. कशाला हवंय तुला?”

“मला हवंय.”

“फावडं तुझं काम करून गेलं ना? मग?” सुरी बटाट्यावर फिरत राहिली. “आणि ते यंत्र माझ्या टेबलावर ठेवू नकोस. मला नाही आवडत.”

“मावशी, भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. मी मोजलंय.”

फिलोमेनचे हात थांबले. मग उठली, खोलीतला रेडिओ लावला आणि मोठा केला.

पुढे दोन हिवाळ्यांनी ती गेली. शेवटच्या आजारात तिला उचलून बसवायला, सूप भरवायला सोलांजच होती. तेव्हाही तिने विचारलं, आणि तेव्हाही म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दोन फिती अजून सोलांजच्या कपाटात आहेत, फिलोमेनचं फावडं चुलीजवळ आहे. क्लबात कुणी नवीन आलं की सोलांज त्याला दोन्ही ऐकवते, दिवा न मालवता, प्रत्येक आवाज कशाचा ते आधीच सांगून. आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत तेच विचारते:

त्या रविवारी फिलोमेन उठली, ती माझ्यावर पडणारे ठोके ऐकून, की रेडिओ मोठा करणारा स्वतःचा हात ऐकून?